शेवटची लाँच गेल्यावर



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांमध्ये दोन गोष्टी सुरू होतात. दहावीचा उरलेला अभ्यासक्रम संपवायची घाई, आणि यंदा सहल कुठे न्यायची याची चर्चा. या वर्षी माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या, म्हणून हा लेख.

दहावीच्या इतिहासात आठवा पाठ आहे 'पर्यटन आणि इतिहास' आणि नववा 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन'. आपण ते कसे शिकवतो ते आपल्याला माहीतच आहे. आठव्यात पर्यटनाचे प्रकार पाठ करून घ्यायचे, नवव्यात संग्रहालयं, अभिलेखागारं, कोश. एक संकल्पनाचित्र, दोन टिपा, पुढचा पाठ. मीही इतकी वर्षं तेच केलं. एका पाठात आपण मुलांना सांगतो की पर्यटन वाढलं पाहिजे, रोजगार मिळतो. दुसऱ्यात सांगतो की ठेवा जपला पाहिजे. या दोन वाक्यांचं एकमेकांशी भांडण आहे, आणि ते भांडण ज्यांच्या दारात चालतं ती माणसं दोन्ही पाठ शिकवताना आपल्या तोंडून येतच नाहीत. हे मला माझ्याच एका विद्यार्थिनीने दाखवून दिलं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी, विधानसभेची निवडणूक ड्युटी आटोपल्यावर, आम्ही नववीच्या मुलांना मुंबईला नेलं. मारेगावहून मुंबई म्हणजे आठशे किलोमीटरच्या आसपास. वर्ध्याहून रात्रीची गाडी, घरून बांधून आणलेल्या पोळ्या आणि तिखटाची चटणी, पंचेचाळीस मुलं, आम्ही चार शिक्षक. कार्यक्रम असा गच्च की श्वास घ्यायला वेळ नाही. दुसऱ्या दिवशी घारापुरी, म्हणजे एलिफंटा.

गेटवेपासून लाँचने तासभर लागतो. समुद्र पहिल्यांदाच पाहणारी मुलं, त्यामुळे लाँचमध्ये जो गोंधळ व्हायचा तो झाला. धक्क्यावर उतरलो, छोट्या झुकझुक गाडीत बसायचा हट्ट मोडून काढला, दोन्ही बाजूंनी दुकानं लागलेल्या पायऱ्या चढलो. वर पहिल्या लेणीत मी माझं भाषण सुरू केलं. साधारण सहावं शतक. एकाच डोंगरात कोरलेलं सगळं. समोर तीन मुखांचा सदाशिव, उंची वीस फुटांच्या घरात. हा अर्धनारीश्वर, हा गंगाधर, हा कैलास हलवणारा रावण. १५३४ मध्ये बेट पोर्तुगीजांकडे गेलं, त्यांनी इथला दगडी हत्ती पाहून 'एलिफंटा' नाव ठेवलं. १९८७ पासून जागतिक वारसा. लिहून घ्या.

चाळीस मिनिटांत लेणी संपली. मग फोटो. मग माकडांनी दोघांच्या हातातली चिप्सची पाकिटं पळवली, आणि खरं सांगायचं तर मुलांना सहलीतलं सगळ्यात जास्त तेच आठवतं.

परतताना धक्क्यावर लाँचची वाट पाहत बसलो होतो. दुकानवाल्या बायका टोप्या, माळा, दगडी हत्ती गोळा करून प्लास्टिकने झाकत होत्या. एका कोलाम पोडावरून येणारी माझी विद्यार्थिनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "सर, शेवटची लाँच गेल्यावर इथं कोण रायते?"

मी म्हणालो, "राहत असतील गावकरी." आणि मुलं मोजायला लागलो. पंचेचाळीस भरली पाहिजेत, शिक्षकाला दुसरं काही सुचत नाही अशा वेळी.

या वर्षी आठवा पाठ शिकवताना तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. म्हणजे वर्षभर तो तिच्याजवळ होता. या वेळी मला उत्तर शोधावं लागलं.

घारापुरीवर तीन गावं आहेत. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. लोकवस्ती हजाराच्या थोडी वर. आपण पर्यटक संध्याकाळी परततो, मुक्कामाला परवानगी नाही, आणि मग बेट त्यांचं उरतं. आता पुढचं ऐका. हे बेट १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. समोर मुंबई, रात्रभर दिव्यांनी लखलखणारी. आणि या बेटाला कायमची वीज मिळाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून, सुमारे पंचवीस कोटी रुपये खर्चून. तोपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तो बंद झाला की अंधार.

१९८७ ते २०१८. फळ्यावर वजाबाकी केली. एकतीस वर्षं. वर्गातली मुलं तेव्हा पहिली-दुसरीत होती. त्यांच्या हयातीतली गोष्ट आहे ही, आणि मी त्यांना सहावं शतक लिहून घ्यायला लावलं!

ती मुलगी म्हणाली, "आमच्या पोडावानीच झालं हे." आपल्या तालुक्यातल्या शिक्षकांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

मी इथे सरकारला किंवा कुठल्या खात्याला झोडायला बसलेलो नाही. केबल टाकणं सोपं काम नव्हतं, आणि ती टाकली हे चांगलंच झालं. माझा मुद्दा आपल्या वर्गाबद्दलचा आहे. सगळं जग एखादी जागा पाहायला येतं, तिच्या नावाची पाटी लागते, तिकीट लागतं, आणि त्या जागेच्या माणसाच्या घरात दिवा लागायला आणखी तीस वर्षं जातात, हे कसं घडू शकतं? कारण यादीत गेली ती लेणी. नावच 'एलिफंटा लेणी' आहे. बेटावरची भातखाचरं, मासेमारी, धक्क्यावरची बाजारपेठ, ही माणसं, हे सगळं त्या लेण्यांच्या 'आजूबाजूला' आहे. आपणही मुलांना तसंच शिकवतो, मूर्ती मध्ये आणि माणूस चौकटीच्या बाहेर. फोटो काढताना तर आपण शब्दशः म्हणतो, "काका, जरा बाजूला व्हा."

यादी अशीच करावी लागते असंही नाही. उत्तर आफ्रिकेत ट्युनिशिया देशाचं जर्बा नावाचं एक बेट आहे. नकाशात भूमध्य समुद्राच्या दक्षिण काठावर शोधा, भूगोलाचाही तास होऊन जाईल. घारापुरीपेक्षा कितीतरी मोठं, पाचशे चौरस किलोमीटरच्या वर. सप्टेंबर २०२३ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. पण तिथे काय नोंदवलं गेलं ते पाहा. एखादं भव्य देऊळ किंवा किल्ला नाही. तिथली माणसं हजारेक वर्षं ज्या रीतीने वस्ती करून राहिली, ती रीत नोंदवली गेली. पाऊस कमी, पाणी दुर्मीळ. म्हणून गर्दीची गावं वसवलीच नाहीत, विखुरलेली घरं केली. घराभोवती आपलं शेत, पावसाचं पाणी साठवायची टाकी, थोड्या अंतरावर लहानशी मशीद. ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ त्याच बेटावर, ख्रिस्ती चर्चही तिथेच. या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटा. हे सगळं मिळून वारसा.

मला हे वाचून आपली जुनी शेतातली वस्ती आठवली. विहीर, गोठा, कडब्याची गंजी, बांधावरचा देव. आपण त्याला कधी वारसा म्हटलं आहे का? मुलांना 'आपल्या परिसरातील ऐतिहासिक ठेवा' असा प्रकल्प दिला की ती गुगलवरून ताजमहाल छापून आणतात, आणि आपण त्यावर सही करतो.

जर्बाचं सगळं छान चाललंय असं समजू नका. तिथेही समुद्रकिनाऱ्यावर मोठमोठी हॉटेलं झाली, आणि पुष्कळ पर्यटक किनाऱ्यावर ऊन खाऊन परत जातात. आतली जुनी घरं ओस पडण्याची काळजी तिथल्या लोकांना आहेच. पण निदान जपायचं काय, या प्रश्नाला त्यांनी 'राहणं' असं उत्तर दिलं. राहणारा माणूस उठून गेला तर वारसाच संपतो, हे त्या नोंदीतच आलं. घारापुरीचा माणूस उद्या बेट सोडून उरणला किंवा मुंबईला गेला, तर आपल्या यादीतलं काहीच कमी होत नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

कायद्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण वर्गात मुलं विचारतात आणि आपण गोलमोल बोलतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरचा पट्टा बांधकामाला बंद, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधायचं. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन हे पक्कं झालं. हा नियम वाईट नाही. तो नसता तर आपल्याकडच्या कितीतरी देवळांना चिकटून आज मंगल कार्यालयं उभी असती. पण त्या पट्ट्यात ज्याचं घर आहे, त्याच्या मुलाचं लग्न झालं आणि एक खोली वाढवायची आहे, त्याच्या बाजूने हा नियम कधी वर्गात वाचून पाहा. मी यंदा वाचला. वर्ग दोन भागांत वाटला, एकाला सांगितलं तुम्ही पुरातत्त्व खातं, दुसऱ्याला सांगितलं तुम्ही घरमालक. तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही. आमच्या एका शांत पोराने पुरातत्त्व खात्याकडून असा मुद्दा मांडला की "तुमचं घर पडलं तं दुसरं बांधता येते, हे पडलं तं कोण बांधून देईन?" आणि समोरून उत्तर आलं, "मग आमाले दुसरी जागा द्या नं, लेणीच्या पैशातून." दोघांनाही मी पैकीच्या पैकी दिले असते.

एक कबुलीही द्यायची आहे. आम्ही परत आलो आणि तीन आठवड्यांत, १८ डिसेंबर २०२४ ला, घारापुरीकडे जाणाऱ्या एका प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. अनेकांचे जीव गेले. त्या संध्याकाळी मला पालकांचे फोनवर फोन. "सर, आपली पोरं याच बोटीनं गेली होती ना?" तीच बोट नव्हती, पण तोच समुद्र होता, तीच वाट होती. आणि आम्ही गेलो तेव्हा मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. कोणी दिली नाहीत, हे खरं. मी मागितली नाहीत, हेही खरं. जॅकेटशिवाय मूल लाँचमध्ये चढवायचं नाही, हे मी आता सहलीच्या सूचनापत्रात पहिल्या ओळीत लिहितो. पर्यटन म्हणजे काय, यात हेही येतं की तिथली माणसं रोज बाजारहाटाला, दवाखान्याला, पोटापाण्याला याच पाण्यातून जा-ये करतात. आपली सहल एका दिवसाची, त्यांची रोजची.

आणि हत्तीचं राहिलंच. ज्या दगडी हत्तीवरून बेटाला परकं नाव पडलं, तो बेटावर नाहीच. १८६४ च्या सुमारास इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा प्रयत्न केला, उचलताना तो पडून फुटला. पुढे १९१४ मध्ये तुकडे जोडून तो मुंबईत उभा केला. आज तो भायखळ्याला, जिजामाता उद्यानाजवळच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर आहे. आता गंमत ऐका. त्याच सहलीत तिसऱ्या दिवशी आम्ही मुलांना राणीच्या बागेत नेलं होतं. पेंग्विन पाहायला! रांगेत दीड तास उभे राहिलो. हत्ती त्याच आवारात उभा होता, आणि पंचेचाळीस मुलांपैकी एकालाही मी तो दाखवला नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन' हा अख्खा पाठ त्या एका हत्तीवर शिकवता येतो. कोणी नेला, का नेला, फुटल्यावर कोणी जोडला, आणि तो आता खरं तर कुठे असायला हवा? मुंबईला सहल नेणाऱ्या शाळांनी एवढं तरी करा. पेंग्विन पाहू द्या, पण हत्तीपाशी दहा मिनिटं थांबा.

काही सहकारी म्हणतात, सर, सहलीत मुलांना मोकळं सोडा हो, तिथेही कसले प्रश्न विचारता. त्यांचं म्हणणं मला पटतं, अर्धं. मुलांना माकडं आठवतात तर आठवू द्या. पण पालक हजारो रुपये भरतात. कापसाचे पैसे यायचे असतात, तरी उसनवारी करून भरतात. त्या पैशात मूल फक्त सेल्फी घेऊन यावं आणि 'इतिहास दूर कुठेतरी असतो, आपल्याकडे काही नाही' हे शिकून यावं, याचं मला वाईट वाटतं. दुसरा आक्षेप एका पालकाचा होता, तो जास्त टोकदार आहे. "सर, तिथल्या लोकांना प्रश्न विचारायला आपली पोरं जातील, म्हणजे तिथले लोकही पाहायची वस्तू झाले की नाही?" यावर मी दोन दिवस विचार केला. उत्तर पूर्ण सापडलं नाही. एवढं ठरवलं की मुलांनी आधी काहीतरी विकत घ्यायचं, चहा प्यायचा, ओळख सांगायची, आपण कुठले ते सांगायचं, आणि मग समोरच्याला बोलावंसं वाटलं तर ऐकायचं. वही काढायची नाही. मोबाईल तर नाहीच.

यंदा आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याची टूम आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन पाण्यातले. साहजिकच सगळ्यांना तिकडे जायचं आहे. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये महाराजांनी त्याचं बांधकाम सुरू केलं, आणि आजही त्या तटाच्या आत काही कुटुंबं राहतात. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. शेवटची होडी गेल्यावर तिथे कोण राहतं, आणि यादीत नाव आल्यावर त्यांचं काय होणार? जाणाऱ्या शाळांनी जरूर जावं. मुलांना तटबंदीची लांबी विचारा, पण गोड्या पाण्याच्या विहिरींवर आज पाणी कोण भरतं हेही पाहायला सांगा.

आम्ही मात्र या वर्षी जवळ जायचं ठरवतो आहोत. बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समुद्रच येतो. वणी, वरोरा करत दीड-दोन तासांत भद्रावती. जुनं नाव भांदक. विजासनची बौद्ध लेणी तिथे आहेत, जैन मंदिर आहे, भद्रनागाचं देऊळ आहे, हे आपल्याला माहीत असतं. पण जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये तिथल्या डोलारा तलावाबद्दल एक नोंद आहे. तलावात एक लहानसं बेट, आणि त्या बेटावर जायला प्राचीन दगडी पूल. भक्कम खांबांच्या दोन रांगा, त्यावर दगडाच्या जाड तुळया, लांबी १३६ फूट, रुंदी ७ फूट. मी इतकी वर्षं वणीवरून चंद्रपूरला जातो-येतो, बसच्या खिडकीतून भद्रावतीचा स्टँड पाहतो. हा पूल मला वाचून कळला.

तर यंदाच्या दहावीला मी सहलीआधीच चार प्रश्न देऊन ठेवले आहेत. या पुलाचा दगड कुठून आणला असेल? बेटावर जायची गरज कोणाला होती? आज त्या तलावात मासे कोण धरतं, पाणी कोण वापरतं, आणि पूल त्यांना कामाचा आहे की अडचणीचा? आणि उद्या इथे मोठी पाटी लागली, तिकीट लागलं, तर त्यांचं काय बदलेल? चौथा प्रश्न त्या पोडावरच्या मुलीने सुचवला आहे, माझा नाही.

दहावीचं वर्ष, सराव परीक्षा तोंडावर, म्हणून मुख्याध्यापकांची अजून पूर्ण संमती नाही. एक दिवस सकाळी सातला निघून संध्याकाळी परत, एसटीच्या सवलतीत खर्च अगदी थोडा, असा हिशेब मांडून प्रस्ताव दिला आहे. प्रयोजनाच्या रकान्यात आपण दरवर्षी 'शैक्षणिक' लिहितो. या वेळी लिहिलं, 'पाठ ८ व ९, एकत्र'. भद्रावतीचे कोणी शिक्षक बंधू-भगिनी हे वाचत असतील तर पाणी उतरल्यावर पुलाचे खांब नीट कधी दिसतात ते कळवा, म्हणजे तारीख तशी ठरवू.